डाव्या वळणाला मी टेकले

मी मोटरसायकलच्या डाव्या अंगाला लटकणारी लोखंडी पट्टी बोलतेय. साडी नेसून एका बाजूला बसणाऱ्या बायका जिच्यावर दोन्ही पाय ठेवतात ना, तीच मी. दुकानात मला लेडीज फुटरेस्ट म्हणतात. चाकं सोडली तर गाडीत जमिनीच्या सगळ्यात जवळ मीच असते. म्हणून जे झालं ते माझ्या हातून झालं, आणि ते सांगताना आजही मला लाज वाटते.

पिथमपूरच्या एका शेडमध्ये मला वाकवलं, जोडलं आणि काळा रंग फासला. तिथून आले देवासला. नीलेश कारखान्यात नोकरीला लागला होता, लग्न ठरायचं होतं. गाडी घ्यायला त्याची आई सोबत आली होती. तिला घरात सगळे ताई म्हणतात. ताई दुकानदाराला म्हणाली, "ती पायाची पट्टी आधी लावून द्या भैया. घरात सून येणारे."

सून आली ती धारची, अल्पना. माणसं तिचा चेहरा बघत होती, मी तिचे पाय बघितले. मेंदी, नवी जोडवी, आणि भीतीनं आखडलेली बोटं. नीलेशनं गाडी जोरात काढली की ती बोटं मला घट्ट धरायची. पुढं पुढं बोटं सैल झाली. मग पाय सुजू लागले, आणि मला कळलं की घरात बाळ येणार.

मुलगी झाली, किमया. ती सहा महिन्यांची झाली तेव्हा धारला मामाच्या मांडीवर तिचं उष्टावण करायचं ठरलं. मामानं चांदीची वाटी आणून ठेवली होती. निघायच्या आदल्या दिवशी ताईनं बाळाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "टाळू अजून भरली नाही हिची. रस्त्याचे हादरे बसतील. नीलेश, गाडीचा शॉकअप ढिला करून आण."

मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना जे स्प्रिंग असतात, त्यांना शॉकअप म्हणतात. खालची कडी फिरवली की ते कडक होतात नाहीतर ढिले. संग्राम मिस्त्रीनं दोन्ही कड्या पार ढिल्या करून टाकल्या. "लो भिया, अब मख्खन चलेगी!"

चाललीही तशीच. पण ढिला स्प्रिंग ओझ्याखाली बसतो. नीलेश, अल्पना, तिच्या मांडीवर बाळ, दोन्हीकडे भरलेल्या पिशव्या. गाडी मागून खाली बसली आणि तिच्याबरोबर मीही खाली गेले. रस्ता माझ्या इतका जवळून कधी गेला नव्हता. अल्पनाला काय ठाऊक? ती खूश होती. "अहो, बाळ झोपलं बघा. किती छान चालतेय आज!"

घाटाबिल्लोदच्या पुढं एक डावं वळण आलं. वळणावर गाडी झुकते, आणि डावीकडं झुकली की मी आणखी खाली जाते. तरी निभलं असतं. पण वळणाच्या मधोमध डांबराचा उंचवटा होता. त्यावर चाक आपटलं, स्प्रिंग होता नव्हता तेवढा दबला, आणि मी रस्त्याला टेकले.

खर्रर्र!

मी दुमडणारी असते तर वर झाले असते. मी सरळ ताठ. सगळा भार माझ्यावर आला, मागचं चाक क्षणभर उचललं गेलं आणि गाडी घसरत कडेच्या मुरमात गेली.

अल्पनानं बाळाला छातीशी धरलं आणि स्वतः कोपरावर पडली. किमयाच्या कपाळावर टेंगूळ आलं, ती किंचाळत होती. नीलेशचा गुडघा फुटला होता. तो उठला आणि त्यानं पहिला प्रश्न विचारला, "तू सरकलीस का?"

"माहीत नाही," अल्पना म्हणाली. तिला खरंच माहीत नव्हतं.

उष्टावण राहिलं. टेम्पोत गाडी घालून सगळे परत आले. आणि देवासला पोहोचेपर्यंत "माहीत नाही"चं "सरकली" झालं. ताई शेजारणीला सांगत होती, "पोर मांडीवर असताना जीव मुठीत धरून बसावं लागतं. आम्ही नाही का बसलो? मी याला घेऊन लूनावर उज्जैन गाठलंय!"

अल्पना ऐकत होती. उलट बोलली असती तर बरं झालं असतं. पण तिला ते पटलं. तिनं बाळाला उचलणंच सोडलं. बाळ रडलं की ती आधी ताईकडं बघायची. अंघोळ ताई घालायची. अल्पना लांबून टॉवेल धरून उभी राहायची. एकदा ताई वैतागली, "अगं, घे की तिला! माझे हात भरलेत."

"नको ताई. माझ्या हातून पडेल ती."

मी पोर्चमध्ये होते. हे ऐकून मला जमिनीत जावंसं वाटलं. माझी खालची कड घासून तिरपी झाली होती, चकचकीत निघाली होती. सगळं त्या कडेवर लिहिलेलं होतं, पण ती जमिनीकडं. वाकून बघणार कोण?

एक जण वाकला होता. रविवारी गाडी पुसताना नीलेशचं बोट त्या कडेवर थांबलं. खूप वेळ थांबलं. मग त्यानं फडकं पिळलं आणि पुढचं चाक पुसायला गेला. त्या दिवशी मला त्याचीही लाज वाटली.

मग किमया रांगायला लागली. एका सकाळी ताई देवापाशी होती, नीलेश दाढी करत होता. किमया रांगत पोर्चमध्ये आली, गाडीखाली शिरली आणि मला तोंडात घालायला निघाली. तिला सगळंच तोंडात घालायचं असतं. अल्पनानं दारातून पाहिलं. "ताई! ताई, बघा ही—" असं ओरडली. ताईचा आवाज आला, "आरतीत आहे!"

मग अल्पना धावली. तिनं एक हात बाळाच्या तोंडापुढं घातला आणि दुसऱ्या हातानं तिला ओढून कडेवर घेतलं. तिच्या तळव्याला माझी कड लागली. ती दचकली. खाली बसून, मान वाकडी करून तिनं मला बघितलं. बोटानं चाचपलं. बघतच राहिली.

"अहो, इकडं या. गाडीवर बसा."

"फेस लागलाय तोंडाला."

"असू द्या. ताई, तुम्ही माझ्या जागी बसा."

ताई हातात घंटी घेऊनच आली. "या वयात कुठं नेताय मला? आणि आरती झाली नाही अजून."

"कुठं नाही. बसा फक्त."

तिचा आवाज असा होता की दोघंही बसले. अल्पनानं माझ्याखाली हात घातला. मघाशी तिथं वीतभर जागा होती. आता जेमतेम मूठ मावत होती.

"वळणावर झुकवता तशी झुकवा."

"अगं मेले, पाडशील मला!" ताईनं नीलेशचा बनियन धरला. नीलेशनं पाय रोवून गाडी डावीकडं कलवली. मी फरशीला लागले. टक्.

"इथं नुसती फरशी आहे," अल्पना म्हणाली. "तिथं उंचवटा होता. मी सरकले नव्हते."

नीलेशच्या गालावरचा फेस वाळत चालला होता. शेवटी तो म्हणाला, "आवाज मी ऐकला होता. घासल्याचा. घाबरलो होतो, म्हणून तुला विचारलं. मग... मग राहूनच गेलं."

"राहून गेलं," अल्पना म्हणाली. तेवढंच.

ताई गाडीवरून उतरली. घंटी तिनं पदरात धरली, वाजू नये म्हणून. "शॉकअप ढिला करायला मीच सांगितलं होतं," ती जमिनीकडं बघत म्हणाली, आणि आत गेली. आरती पुन्हा सुरू झाली नाही.

त्याच दिवशी संग्रामकडं जाऊन स्प्रिंग कडक करून आणले, आणि अल्पनाच्या सांगण्यावरून मला काढून टाकलं. ताईनं विचारलं, "साडीत कशी बसशील मग?" अल्पना म्हणाली, "साडीत नाही बसणार. सलवार घालून दोन्हीकडं पाय टाकून बसेन. आणि बाळाला गाडीवर न्यायचंच नाही."

आता मी पोर्चच्या खिडकीत पडलेय, गंजाचे ठिपके पडलेत. मागं माणूस आणि सामान बसवायचं असेल तर स्प्रिंग कडक करा, आणि गाडी किती खाली बसते ते निघण्याआधी वाकून बघा. काही झालंच, तर मागं बसलेलीला विचारण्याआधी माझ्याकडं बघा. मला तोंड नाही, पण कड आहे.

आज ते धारला निघाले, बसनं. राहिलेलं उष्टावण करायला. फाटकापाशी नीलेशनं हात पुढं केले, "दे, मी घेतो तिला."

"राहू द्या," अल्पना म्हणाली आणि किमयाला कडेवर वर सरकवलं. "तुम्ही पिशव्या घ्या."