तात्पुरती काठी

तार केसातल्या आकड्याएवढीच होती, पण आकड्यासारखी ऐकत नव्हती. स्क्रूड्रायव्हरचं टोक तिच्याखाली सरकवायचं, हलकेच उचलायचं, की डिकीच्या दांड्याचं डोकं खालच्या लोखंडी गोळीवरून आपोआप सुटतं, असं मोबाइलवरच्या व्हिडिओतला माणूस म्हणाला होता; आणि त्याच्या हातात ते खरंच शेंग सोलावी तसं सुटलंही होतं. इथे टोक सटकलं, पत्र्यावर गेलं, आणि रंगावर एक पांढरी रेघ उठली. तिने अंगठ्याला थुंकी लावून ती पुसून पाहिली. नाही गेली. जाऊ दे, एवढ्या जुन्या गाडीला आता एका रेघेचं काय... पण असं मनात म्हणता म्हणताच तिने मान वळवून पाहिलं.

तो बघत होता. गाडी तिने उलटी घेऊन डिकी घराच्या दाराशी आणली होती, आणि नवरा तिथेच चाकाच्या खुर्चीत बसला होता. डावा हात डिकीचं दार पेलणाऱ्या काठीवर, उजवा मांडीवर ठेवलेला. ठेवलेला म्हणजे सकाळी तिनेच ठेवलेला. गाडीला कुणी नुसतं टेकून उभं राहिलं तरी ज्याच्या कपाळाला आठ्या पडायच्या तो हा माणूस. रेघ त्याला दिसली नसेल असं होणंच शक्य नव्हतं.

"रेघ पडली," ती म्हणाली.

"चालेल," तो म्हणाला.

काठी तशी तात्पुरती होती. डिकीच्या दाराला दोन बाजूंना दोन गॅसचे दांडे असतात, तेच दार वर तोलून धरतात. त्यातला उजवा कामातून गेला तेव्हा त्याने तो काढून फेकला, मोडक्या मॉपचा दांडा मापात कापला, टोकाला रबरी बूच ठोकलं आणि जाहीर केलं — तात्पुरतं आहे, नवे दांडे आणले की बसवतो. या घरात तात्पुरत्या गोष्टींना भारी आयुष्य. बाथरूमची कडी तात्पुरती, गच्चीच्या दिव्याची वायर तात्पुरती, लेकीच्या टेबलाचा चौथा पाय तात्पुरता, आणि त्याच टेबलावर अभ्यास करून लेक शिकली, नोकरीला लागली, लग्न होऊन गेलीसुद्धा. पण दांडे मात्र त्याने खरंच आणले. गेल्या हिवाळ्यात. रविवारी बसवतो म्हणून पुडकं कपाटावर ठेवलं, आणि तो रविवार यायच्या आतच एका सकाळी दाढी करता करता वस्तरा हातातून गळाला, आणि मागोमाग तोही; उजवं अंग गेलं, वाचाही.

पुडकं कपाटावरच राहिलं. धूळ झटकताना ती ते उचलायची, खालची धूळ पुसायची, परत ठेवायची. गॅरेजवाल्याकडे नेलं असतं तर चहा होईपर्यंत काम झालं असतं, लेक फोनवर दर वेळी हेच म्हणायची. हो, नेते, नेते... आणि नेलं नाही. कारण ते पुडकं म्हणजे त्याचा रविवार होता. ते परक्याच्या हातात दिलं की तो रविवार आता येत नाही असं आपणच सांगितल्यासारखं होईल — धड शब्दांत नव्हे, पण असंच काहीतरी तिला वाटत राहिलं, आणि काठीवर दिवस निघत गेले.

मग मागच्या आठवड्यात, व्यायामाच्या दवाखान्याच्या आवारात, तो पुढच्या सीटवर बसलेला, ती मागे खुर्ची घडी करून आत ठेवतेय, आणि काठी सरकली. दार खांद्यावर आलं. त्याने पुढून विचारलं, काय झालं? काही नाही, खुर्ची आपटली. घरी येऊन तिने लांब बाह्यांचा ब्लाउज घातला आणि आठवडाभर तसलेच घातले. डोक्यात बसलं असतं तर? मला कोणी उचललं असतं, आणि त्याला कोणी उतरवलं असतं? हा हिशोब तिने एकदा केला आणि आज सकाळी स्टूल घेऊन पुडकं खाली काढलं. मी बसवते, तुम्ही काठी धरा, असं तिने त्याला सांगितलं, तेही सहज, चहाचा कप विसळता विसळता. तो पुडक्याकडे बराच वेळ बघत राहिला.

मग म्हणाला, चालेल.

हा शब्द. आयुष्यभर या माणसाने कारखान्यात दुसऱ्यांनी बनवलेले सुटे भाग मापून नापास करण्याचा पगार घेतला, आणि घरी येऊनही तेच काम फुकटात चालू ठेवलं. भाजीत मीठ कमी. पडदा डावीकडे उतरलाय. कुकरची शिटी अशी का वाजतेय? मग तुम्हीच करा, असं तिने किती वेळा ओरडून सांगितलं असेल, आणि दर वेळी तो खरंच उठून करायला लागायचा, त्याने तर डोकं आणखीच फिरायचं. आता वाचा बरीच परत आली, शब्द जरा सावकाश येतात इतकंच. डोकं शाबूत आहे असं डॉक्टर छातीठोक सांगतात. आणि हा माणूस सगळ्याला चालेल म्हणतो. व्यायामवाल्या बाई म्हणतात, किती शांत पेशंट आहे हो तुमचा. लेक म्हणते, आई, बाबांना उगाच प्रत्येक गोष्ट विचारत बसू नकोस, दमतात ते. तिने विचारणंही कमी केलं.

भीती वाटते, हे मात्र तिने कुणाला सांगितलं नाही. परवा मी मुद्दाम भाजीत मीठच घातलं नाही. चिमूटभरसुद्धा नाही. वाढली आणि समोर बसले. त्याने पहिला घास घेतला, दुसरा घेतला, ताट संपवलं. कशी झालीय? — चालेल. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि नळासमोर उभी राहून रडले. शाबूत डोक्याचं काय करू? त्यात माझा तो कटकट्या माणूस आहे की नाही, ते सांगा ना कुणीतरी.

तार अखेर उठली. जुना डावा दांडा सुटला, हातातून निसटून खाली पडला आणि घरंगळत गाडीखाली गेला. जाऊ दे, नंतर काढू. डिकीचं दार आता फक्त काठीवर, आणि काठी त्याच्या डाव्या हातात. तिने नवा दांडा घेतला — एका अंगाला जाड काळी नळी, दुसऱ्या अंगाला बारीक चकचकीत दांडी — खालच्या गोळीवर टेकवून सगळा भार देऊन दाबला. टक्. वरच्या गोळीवर दाबला. खांदा ठणकला, डोळ्यांपुढे क्षणभर काजवे, पण टक्! तो आवाज तिला इतका आवडला की ती स्वतःशीच हसली. जमतंय की.

"बरोबर बसलाय ना?" न विचारण्याचं ठरलेलं असूनही ती विचारून बसली.

त्याने दांड्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे. ती कोपराने कपाळावरचा घाम पुसत होती, दुसऱ्या हाताने खांदा धरलेला — धरलाय हे तिच्या लक्षातही नव्हतं.

"चालेल," तो म्हणाला.

तर मग दुसरा. उजव्या बाजूच्या गोळीवर धूळ साचून दगड झाली होती. तिने ती फडक्याने खरवडली, पुसली, दांडा पहिल्यासारखाच धरला, खालचं टोक बसवलं. वरचं बसवायला हात उचलला तोच काठीवर टकटक झालं. तिला वाटलं काठी सरकतेय. ती दचकून वळली. काठी जागेवर होती. तोच बोटाने काठीवर ठोकत होता.

"उलटा," तो म्हणाला.

"काय उलटा?"

"दोन्ही." थांबला. शब्द कुठूनतरी लांबून आणावा तसा त्याने आणला. "नळी वर. दांडी... खाली. आत तेल असतं. ते तोंडाशी राहायला हवं. नाहीतर वर्षात... गळतील."

ती तशीच उभी राहिली, हात वर, दांड्याचं टोक हवेत. हिवाळ्यापासून एवढं लांब तो एका वेळी बोलला नव्हता. आनंद व्हायला हवा होता. आला तो राग. चांगला जुना, ओळखीचा राग — ही तार परत उचलायची, हे परत उपसायचं, एवढा खांदा मोडून बसवलेलं सगळं परत, आणि हा खुर्चीत बसून...

"मग मघाशी विचारलं तेव्हा सांगायला काय झालं होतं? चालेल म्हणालात ना?"

आवाज घरभर गेला असेल. असा आवाज तिने त्याच्याशी त्या सकाळनंतर काढलाच नव्हता. त्याने काठी जरा घट्ट धरली. मग म्हणाला,

"तू दमलेली दिसलीस."

तिने दांडा खाली ठेवला. दमलेली दिसले. म्हणजे मघाशी. की... तिने मागे मागे जायला सुरुवात केली. पडदा तिरका लागला तरी चालेल म्हणाला, तेव्हा मी दमलेली होते का? त्याचा शर्ट उलटा चढवला होता, दवाखान्यात कुणीतरी हसून दाखवला, तेव्हाही चालेल म्हणाला होता, तेव्हा? मी विचारायची नाही, तो दमेल म्हणून. तो सांगायचा नाही, मी दमलेय म्हणून. आणि त्या भल्यामोठ्या शांततेला डॉक्टर, लेक, व्यायामवाल्या बाई, सगळे मिळून सुधारणा म्हणत होते! यातले किती चालेल खरे होते आणि किती नुसते माझ्यावर दया म्हणून, हे आता कोण मापून देणार? त्याचा आणखीच राग आला. मला नको होती ही दया. आणि मी त्याला वाढत होते ती काय वेगळी होती? पण हे सगळं उभ्या उभ्या किती निस्तरणार, डिकी उघडी, काठी त्याच्या हातात, त्याचा हात आता भरून आला असेल. तिने स्क्रूड्रायव्हर उचलला आणि डाव्या बाजूला वळली.

"हळू," तो मागून म्हणाला. "पत्रा."

"दिसतोय मला पत्रा."

टोक तारेखाली गेलं. या वेळी पहिल्याच झटक्यात. नुसतं उचलायचं बाकी होतं. ती उचलेना.

"परवाची भाजी," न वळता ती म्हणाली, "कशी होती?"

मागून लगेच काही आलं नाही. शब्द शोधत होता की विचार करत होता, कळायला मार्ग नव्हता. रस्त्यावरून एक सायकल गेली. ती टोक तारेखाली तसंच धरून थांबली, आणि थांबली असताना तिच्या ध्यानात आलं की आता तो काय म्हणेल ते आपल्याला माहीत नाही. कितीतरी दिवसांत पहिल्यांदाच माहीत नाही.