हात लावला नाही

आप्पांनी कॉन्ट्रास्टची पट्टी उजवीकडे ओढली आणि पडद्यावरच्या भट्टीकामगाराचे डोळे दोन काळ्या खड्ड्यांत गडप झाले.

"आता कसा उठून दिसतोय!" ते म्हणाले.

त्यांच्या मुलीने ओठ आवळले. कारखान्यात महिनाभर घाम गाळून तिने हे बारा फोटो काढले होते. तिचं पहिलंच प्रदर्शन. आप्पांनी असेच गडद केलेले नमुन्याचे तीन फोटो हॉलच्या बाईंनी 'चेहरे की कोळसे?' असं विचारून परत पाठवले होते. महिनाअखेरपर्यंत नीट फोटो गेले नाहीत, तर भिंत दुसऱ्या कुणाला मिळणार होती.

पण स्टुडिओचा नियम आप्पांचा. फोटो कुणीही काढो, त्यांचा हात फिरल्याशिवाय तो दाराबाहेर जात नसे. प्रिंटच्या पाठीवर दोन सह्या लागत. आधी काढणाऱ्याची, मग हात फिरवणाऱ्याची. चाळीस वर्षं हा हात इतका हलका होता, की गिऱ्हाइकाला पत्ता लागत नसे. अलीकडेच काय बिनसलं होतं कुणास ठाऊक.

"आप्पा, सावलीतल्या सुरकुत्या गेल्या."

"तुझ्या लेन्सनं टिपल्याच कुठे? शिजताना घातलेलं मीठ वेगळं आणि ताटात वरून भुरभुरलेलं वेगळं. कॉन्ट्रास्ट लेन्समध्येच असावा लागतो, पोरी. तुझी लेन्स फिकी, म्हणून मला वरून घालावा लागतो."

"लेन्स चांगली आहे."

"मग मला धुकं का दिसतं?"

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने भिंतीवरचा एक जुना फोटो उतरवला, स्कॅन केला आणि त्यातला नुसता गाल आणि केसांची बट एवढाच तुकडा पडद्यावर आणला.

आप्पा पुढे झुकले. "बघ, हाही फिकाच. तीच बोंब." त्यांचा हात पट्टीकडे गेला.

"हा तुमच्या लेन्सचा आहे. आईचा."

माउस थांबला. तो फोटो म्हणजे आप्पांचा अभिमान. त्याच्या पाठीवर दुसऱ्या सहीच्या जागी त्यांनी लिहिलं होतं, 'हात लावला नाही.' चाळीस वर्षांत असा तो एकच.

जिंकल्याचा आनंद तिला झालाच नाही. आप्पांनी तळव्याने एक डोळा झाकला, मग दुसरा. मग खिडकीकडे बघून पुन्हा तसंच केलं.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"मला वाटलं, पडदा जुना झालाय."

उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकलेला निघाला. ऑपरेशन वीस मिनिटांत उरकलं. पडद्यापासून लांब राहा म्हणणाऱ्या डॉक्टरांवर रुसण्यात मात्र चार दिवस गेले. महिना संपायला आठवडा उरला, तेव्हा आप्पा पुन्हा खुर्चीत बसले.

"मूळ फोटो उघड."

ती भांडायच्या तयारीनेच शेजारी उभी राहिली. आप्पा भट्टीकामगाराकडे बघत राहिले. पापणीच्या सावलीत बसलेली राख, राखेखालची घामाची ओली रेघ, रेघेखाली भाजल्याची जुनी खूण.

"हे सगळं इथंच होतं?"

"होतं."

बाराही फोटो त्यांनी असेच पाहिले. मग घसा खाकरून, जरा चिडूनच म्हणाले, "ही लेन्स उद्या मला दे. बघू तरी."

तिने प्रिंट काढले, सह्या केल्या आणि गठ्ठा त्यांच्या टेबलावर ठेवला. सकाळी तो बांधून तयार होता, आणि तसाच हॉलवर गेला.

उद्घाटनाला पाय ठेवायला जागा नव्हती. भट्टीकामगार बायकोला घेऊन आला होता. ती फोटोतल्या खुणेवरून बोट फिरवत होती. हॉलच्या बाई एकेका फोटोपुढे वाकून बघत गेल्या.

"इतकं नाजूक काम!" अखेर त्या म्हणाल्या. "यांच्यावर हात कुणी फिरवला?"

"माझ्या वडिलांनी," ती म्हणाली, आणि सही दाखवायला तिने प्रिंट खुंटीवरून काढून उलटा केला. तिच्या सहीखाली दुसरी सही नव्हती; आप्पांच्या टपोऱ्या अक्षरात तीनच शब्द होते.

तिने शेजारचा उलटला. मग त्याच्या शेजारचा. बाराही.

हॉलच्या दुसऱ्या टोकाला आप्पा भट्टीकामगाराला मोठ्याने सांगत होते, "लेन्स पोरीची आहे. मला देत नाही."