न आलेलं बोलावणं

एकोणीस डिसेंबर, संत निकोलाचा दिवस. सकाळचे आठ वाजून गेले तरी ग्लेंडाचा फोन काही वाजला नव्हता. ती मात्र कोट चढवून, पायात बूट घालून स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसली होती. नोवी सादची बस साडेनऊला सुटते. जायचं की नाही, एवढंच ठरवायचं होतं, आणि तेवढ्यासाठी बाईंनी तीन कप कॉफी संपवली होती.

नोवी सादला नेबोयशा राहतो. देसांकाचा मुलगा. देसांका म्हणजे ग्लेंडाची शेजारीण, एकाच अंगणातली. ती एप्रिलमध्ये गेली. सोंबोरमधल्या तिच्या घराला आता कुलूप आहे आणि आजचा हा त्या घराण्याच्या संताचा सण, म्हणजे स्लावा, यंदापासून मुलाच्या घरी आहे. त्यानं काही कळवलं नव्हतं. फोन नाही, निरोप नाही, काही नाही.

मिनेसोटातल्या डुलुथ गावची ही ग्लेंडा इंग्रजी शिकवायला म्हणून एका वर्षासाठी सोंबोरला आली आणि एकोणीस वर्षं झाली तरी तिचं ते एक वर्ष काही संपलं नाही. का राहिलीस असं कुणी विचारलं की ती शाळेचं, हवेचं, काहीबाही सांगायची. खरं कारण एकच, सकाळी सातची कॉफी. आल्यानंतरच्या पहिल्याच आठवड्यात देसांकानं तिला खिडकीतून हाक मारून आत घेतलं. ग्लेंडानं तिच्या हातातला कप घेतला आणि सवयीप्रमाणे उभ्याउभ्याच दोन घोट घेऊन दाराकडे निघाली. देसांका कमरेवर हात ठेवून बघतच राहिली.

"मागे कुत्रं लागलंय का तुझ्या? बस खाली."

बसली ती बसलीच. पुढं रोज सकाळी चाळीस मिनिटं, आणि त्या चाळीस मिनिटांत गल्लीतल्या एकाही घराची सुटका नसे. सप्टेंबर आला की अंगणातल्या चुलीवर पोतंभर लाल मिरच्या भाजायच्या, त्या सोलून वर्षाची चटणी बरण्यांत भरायची. ग्लेंडा एकेक साल नखानं अलगद काढत बसायची आणि देसांका म्हणायची, अगं मिरची सोलतेयस की ऑपरेशन करतेयस. कोपरापर्यंत काळे झालेले हात, डोळ्यांत धूर, आणि दोघींचं हसणं. तेव्हा त्यात काही विशेष आहे असं वाटायचं नाही. आता नुसता भाजल्या मिरचीचा वास आला तरी ग्लेंडाला गलबलून येतं.

आणि एवढं गोड चाललेलं, ते सगळं एकदा तिनंच घालवलं होतं. पहिल्या वर्षी स्लावाच्या आठवडाभर आधी देसांका खास तिच्या दारात येऊन बोलावून गेली होती. ग्लेंडा गेली, दारातच तिला साखर-अक्रोड घातलेले उकडलेले गहू चमचाभर दिले, मग माशाचं सूप, तळलेला मासा, वीस माणसं एका खोलीत, आणि यजमानीणबाई दिवसभर एकदा खाली टेकली म्हणून नाही. दुसऱ्या वर्षी मात्र बोलावणं आलंच नाही. ग्लेंडा ज्या घरात वाढली तिथं सख्खी आत्यासुद्धा आधी फोन करून यायची. न बोलावता कुणाच्या जेवणावर जाऊन बसणं म्हणजे तिच्या आईच्या लेखी चोरीच्या एक पायरी अलीकडचं. तेव्हा ही पडद्याआड उभी राहून समोरच्या दारात शिरणारी माणसं मोजत राहिली. मग पलंगावर पडून लहान मुलीसारखी रडली.

दुसऱ्या दिवसापासून खिडकीतून हाक येणं बंद झालं. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. दोघी एकाच दोरीवर कपडे वाळत घालायच्या आणि एकमेकींकडे पाठ करून निघून जायच्या. असल्या अबोल्याला काय म्हणावं! मार्चमध्ये ग्लेंडाला ते सोसेना. ती सरळ जाऊन देसांकाच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, की माझं काय चुकलं ते एकदा सांग, मग मी बॅग भरून परत जाते. देसांकाला आधी राग आला, मग ती बोलली.

"पहिल्या वर्षी बोलावलं, कारण तेव्हा तू परकी होतीस. स्लावाला आपल्या माणसांना कोण बोलावतं गं? ती येतात. संध्याकाळपर्यंत तुझं ताट मी उचललं नव्हतं, आणि तू समोर दिवा लावून बसलीस."

त्यानंतर सतरा वर्षं ग्लेंडा न बोलावता गेली आणि एकदाही चुकली नाही. न बोलावता जाता येईल असं एक दार या जगात आपलं आहे, याचा तिला इतका अभिमान होता की डुलुथच्या बहिणीला तिनं ते पत्रातून चारदा तरी कळवलं असेल.

पण ते देसांकाचं दार. आपल्या माणसाला बोलावणं जात नाही हे खरं, तसंच ज्याची आठवण राहिली नाही त्यालाही जात नाही. न वाजलेल्या फोनकडे बघून यातलं कुठलं, हे कसं ओळखायचं? नेबोयशा ती येण्याआधीपासूनच नोवी सादला. सणावारी भेटणार, मावशी म्हणणार, फळीवरची जड बरणी काढून देणार, एवढंच. आईच्या अंत्यविधीनंतर त्यानं दोन-तीनदा फोन केला, शेवटचा ऑगस्टमध्ये. आईची मैत्रीण त्याची कोण? बहीण तिकडून लिहीत होती, की आता तिथं कोण आहे तुझं, घरी ये. ग्लेंडानं तिला नव्या वर्षात सांगते म्हणून कळवलं होतं. नव्या वर्षात सांगायचं उत्तर आज नोवी सादच्या त्या दारात मिळणार होतं, म्हणून तर पाय उचलत नव्हता.

सव्वानऊला ती उठली. कॉफीचं पाकीट आणि वाइनची बाटली पिशवीत टाकली आणि स्टँडवर गेली. वाटेत दोन्ही बाजूंना नांगरलेली काळी रानं, वर धुकं. तिनं बसच्या काचेला डोकं टेकून एक थाप तयार केली. नेबोयशाचा चेहरा ओशाळला, तर म्हणायचं, डॉक्टरकडे आले होते, जाता जाता तुला सण शुभ होवो म्हणून डोकावले. बाटली द्यायची आणि दारातूनच मागे फिरायचं.

धुक्यामुळे बस रखडली. ती त्याच्या जिन्यात पोहोचली तेव्हा साडेबारा होऊन गेले होते. आतून बऱ्याच माणसांचा आवाज येत होता. आपल्यावाचून सगळं सुरू झालंय, हे तिला तिथंच कळलं आणि बोट बेलवर ठेवूनही दाबवेना. शेवटी दाबलं.

नेबोयशानंच दार उघडलं. बाह्या दुमडलेल्या, कपाळावर आठी. तिची थाप अर्धी बाहेर पडली होती, डॉक्टर एवढाच शब्द, तेवढ्यात तो सुरूच झाला, की ही काय यायची वेळ झाली, मावशी. तिनं कसंबसं म्हटलं, की फोन केला असतास तर आधीची बस पकडली असती.

"तुला फोन?" तो खरोखरच चकित झाला. "तुला कशाला फोन करायचा?"

त्यानं तिच्या हातातली पिशवी काढून घेतली आणि कोटासकट तिला आत नेलं. खोलीत पंधरा-वीस माणसं भिंतीलगत उभी होती. मधल्या टेबलावर मेणबत्ती तेवत होती आणि सणाची गोल नक्षीदार, पावासारखी जाड पोळी अजून अखंड होती. ही पोळी घरच्यांनी चारी बाजूंनी धरून तीनदा फिरवायची, तिच्यावर वाइन ओतायची आणि मग मोडायची. पाहुण्यांनी नुसतं उभं राहून बघायचं. ग्लेंडा इतकी वर्षं बघणाऱ्यांतच उभी राहिली होती. नेबोयशाची बायको सान्या आणि मुलगी आपापल्या बाजूला हात लावून थांबल्या होत्या. सान्या हसून म्हणाली, की बरं झालं बाई आलात, सूप दोनदा गरम करून झालं.

ग्लेंडा सवयीनं भिंतीकडे सरकली. नेबोयशानं तिला दंडाला धरून टेबलाशी आणलं.

"अरे, हे घरच्यांनी धरायचं असतं," ती हळूच म्हणाली.

"मग तासभर या सगळ्यांना उपाशी कुणासाठी उभं केलंय मी? आईची बाजू रिकामी आहे. धर."

तिनं कोटाच्या बाह्या मागे सारल्या आणि पोळीला हात लावला. डोळे इतके भरून आले होते की समोरची मेणबत्ती दिसेना. पोळी एका बाजूला कलली, आणि सगळ्या पाहुण्यांदेखत नेबोयशा तिच्यावर खेकसला, की मावशी, नीट धर, पडेल ती.