दोरीला लावलेलं तिखट

गोकुळचं डोकं तापवायला भुंग्या कुत्र्याची दोरी पुरायची. कंपनीतून दमून बजाजनगरात घरी यावं, त्याच्या गळपट्ट्यात फिरवायची दोरी अडकवावी, तर गेटाबाहेर पडायच्या आत ह्या पठ्ठ्यानं ती दातात धरायची, गुरगुरायचं, उड्या मारायच्या. शेजारचे गॅलरीतून हसायचे. "गोकुळभाऊ, कोण कोणाला फिरवायलंय?"

बायको, दीपमाला, समजवायची, "अवो, दिवसभर तुमची वाट बघतंय ते. खुशीत करतंय. तोंडात दुसरं फडकं द्या की त्याच्या, अन् नीट चाललं की भाकरीचा तुकडा द्या." पण असले लाड करायला इथं सवड कुणाला होती! गोकुळला फक्त लोकांचं हसणं बंद करायचं होतं.

एका संध्याकाळी त्यानं डब्यातलं लाल तिखट पाण्यात कालवलं अन् दोरीला चोपडलं. काय अक्कल म्हणावी ही! भुंग्यानं नेहमीसारखी झडप घातली अन् असा केकाटला की गॅलरीतले हसणारेही गप झाले. पंजानं तोंड घासता घासता तिखट डोळ्यांत गेलं. दीपमाला पाण्याची बादली घेऊन धावली. "जीव घेता का मुक्या जनावराचा?" एवढंच बोलली. नवऱ्याकडं बघितलंसुद्धा नाय तिनं.

डोळे निवळले. दोरी चावणंही सुटलं. पण आता दोरी दिसली की भुंग्या दिवाणाखाली शिरायचा, अन् गोकुळची चाहूल लागली तरी दारात यायचा नाही. घरात पाऊल टाकलं की तो रिकामा उंबरा गोकुळला खायला उठायचा. त्यानं गुलमंडीच्या बाजारातून कोरी, मऊ दोरी आणली. फडकं हलवून दाखवलं, बिस्किटं पुढं केली. भुंग्या बिस्किट खायचा, पण दीपमालाच्या हातून. "मला लई पस्तावा होतोय गं," गोकुळ एकदा तिला म्हणाला. "मला सांगून काय उपयोग?" ती म्हणाली.

रविवारी तो फरशीवरच मांडी घालून बसला. "भुंग्या, ये रे राजा."

हाक ऐकून भुंग्या आला खरा, पण कान पाडून, पोट फरशीला घासत. गोकुळनं दोरीचं टोक त्याच्या तोंडाशी नेलं. "चाव. ओढ माझ्या हातातून. हसू दे कुणाला हसायचं त्याला."

भुंग्यानं डोळे गच्च मिटले अन् दोरी अडकवून घ्यायला मुकाट मान पुढं केली.