तेच जहाज

प्रेमदासने भिंग चित्राच्या खालच्या कडेवर टेकवलं, एक डोळा मिटला, आणि तो इतका वेळ तसाच वाकून राहिला की समोर उभा असलेला मुन्ना घाबरला.

"सर? माल बराबर हाय ना?"

"गप रे. ते भिंतीवरचं तिसरं काढ. जपून."

मुन्नाचं वारंगा फाट्यावर रद्दीचं दुकान होतं. हैदराबादेकडून येणाऱ्या ट्रकमधून तो जुनी पुस्तकं उतरवून घेई, आणि त्यांत शिडाच्या जहाजाचं चित्र निघालं की मोटारसायकल काढून थेट डोंगरकड्याजवळच्या या बंजारा तांड्यावर हजर होई. सगळ्या हिंगोली जिल्ह्यात असल्या चित्रांचं हे एकच गिऱ्हाईक होतं, आणि ते कधी घासाघीस करत नव्हतं.

दोन्ही चित्रं खाटेवर शेजारीशेजारी आली. दोन्हींत तीन डोलकाठ्या, तीच फुगलेली शिडं. उजवीकडचा ढगही तोच. दोरावर चढणारा खलाशीसुद्धा तोच, त्याचा एक पाय तसाच अधांतरी. खालचं नाव तेवढं वेगळं. भिंतीवरचं जहाज 'लेडी हॅरिएट' होतं आणि मुन्नाने आणलेलं 'नॉर्दर्न होप'.

"हे बघ," प्रेमदासने भिंग त्याच्या हातात दिलं. "नव्या नावाच्या खाली बघ. काय दिसतंय?"

"बारीक रेघा हायेत. खरवडल्यावानी."

"जुनं नाव हाय ते! तांब्याचा पत्रा कोरून छापायचे हे. पत्रा महाग. मग काय करायचे, नाव खरवडायचं आन् त्याच पत्र्यावर दुसरं कोरायचं. जहाज तेच."

"काहून पन?"

"पयलं बुडालं असंल. बुडाल्याचं चित्र कोन घेतंय?"

मुन्ना हसला. "म्हंजे चोरीच्या गाडीला नवी नंबरप्लेट."

प्रेमदासही खदखदून हसला. तीस वर्षं शाळेत ड्रॉइंग शिकवून निवृत्त झालेला हा माणूस असल्या एखाद्या शोधाने लहान पोरासारखा हरखून जायचा. समुद्र त्याने आयुष्यात एकदाच पाहिला होता, तोही शाळेच्या सहलीत, पोरं मोजता मोजता. पण घराच्या पुढच्या खोलीत चारी भिंतींवर जहाजं होती, आणि त्याचा मुलगा योगेश त्या जहाजांखालीच रांगला, तिथेच पाटीवर पहिली अक्षरं गिरवायला शिकला. ब्रश कसा धरायचा, अक्षराची उभी रेघ एका दमात कशी ओढायची, हे बापाने त्याला पोराचा हात हातात धरून शिकवलं होतं.

मग पोरगं खलाशाचा कोर्स करतो म्हणालं, तेव्हा आई अडून बसली होती. आपली माणसं बैलांच्या मागं चालली, पाण्यावर कोन गेलं, असं नानीबाई म्हणाली. प्रेमदासनेच तिला गप्प केलं. बैलांवर मीठ लादून आणायचे ते कुठून, बंदरातूनच ना? मग आपल्या एकाने बंदराच्या पुढे जायला काय हरकत आहे? हे तो इतक्या वेळा आणि इतक्या आवडीने बोलला होता की त्याला आता ते खरंच वाटत होतं. कोर्स झाल्यावर योगेश दोन वर्षं रिकामा बसला. अखेर मुंबईच्या एका एजंटने आखातातल्या मालवाहू जहाजावर काम दिलं, आणि चार दिवसांपूर्वी तो विमानाने गेला.

आज म्हणूनच नानीबाईने सकाळपासून चूल सोडली नव्हती. सेवालाल महाराजांना भोग लावायचा होता. निखाऱ्यांवर सोडायचं तूप आणि गूळ काढून ठेवला होता, निखारे पेटत होते. तेवढ्यात फोनवर मेसेज वाजला म्हणून ती तो घेऊन पुढच्या खोलीत आली.

"लेकराचा फोटो आला. जहाजाचा हाय वाटतं. बघा बरं."

योगेशने तो काल लहान होडीतून, जहाजाकडे जाता जाता काढला होता. उंच काळी भिंत, तिच्यावरून गंजाचे ओघळ, आणि पुढच्या टोकाशी पांढऱ्याशुभ्र अक्षरांत नाव: 'गोल्डन मर्सी'. फोटोखाली लिहिलं होतं, बा, हे माझं जहाज.

प्रेमदासने सवयीने दोन बोटांनी फोटो मोठा केला. मग आणखी मोठा केला. ऊन तिरपं पडलं होतं. पांढऱ्या नावाच्या खाली, काळ्या रंगाच्या आतून, वेल्डिंगने उठवलेली दुसरी अक्षरं फुगून वर आली होती. ती 'गोल्डन मर्सी'ची नव्हती. त्यांच्याही शेजारी घासून सपाट केलेला एक पट्टा दिसत होता.

त्याने फोनवर भिंग ठेवलं. काचेत नुसते लाल-हिरवे ठिपके दिसले.

"सर," त्याच्या खांद्यावरून बघत मुन्ना हळूच म्हणाला, "हे तर..."

प्रेमदासने त्याच्या पायावर पाय दिला.

"चांगलं हाय ना जहाज?" नानीबाईने विचारलं.

"चांगलं हाय. जा, निखारे बघ तू."

ती गेली. त्याने योगेशचा नंबर लावला. दुसऱ्या खेपेला फोन लागला. पलीकडे वारा घोंघावत होता.

"बा! फोटो बघितला का?"

"बघितला. योगेश, एजंटनं जहाजाचं नाव काय सांगितलं व्हतं?"

"तेच की, फोटोत हाय ते."

"त्याच्या खाली दुसरं हाय."

 पोरगं हसलं. "तुमी बी ना! फोनवर कसं दिसलं तुमाला? मालक बदलला की नाव बदलतेत, बा. कप्तानच म्हनला."

"पासपोर्ट कुठंय तुझा?"

"जमा करून घेतला. समद्यांचाच घेतला."

"आन् ती होडी?"

"ती तवाच माघारी गेली." योगेशचा आवाज जरा खाली आला. "आता फोटो काढू देत न्हाईत. फोन बी लपून करून राहिलो. पन तकलीफ काही न्हाई, बा. जेवायला बराबर देतेत."

"तू हायेस कुठं? वारा कसला एवढा?"

"बाहेरून फळीवर लटकून राहिलो." आता त्याच्या आवाजात अभिमान होता. "पयलंच काम माझं. कप्तानानं ईचारलं, अक्षर कुनाचं चांगलं हाय? म्या हात वर केला. तुमी शिकवलं ते कामाला आलं बघा."

"कसलं अक्षर?"

"नाव लिहून राहिलो. ते कालचं पुसलं. आज रातीला निघायच्या आत नवं पायजे म्हनतेत. बा, ठेवतो, वरून कोनी तरी..."

फोन कट झाला. प्रेमदासने पुन्हा लावला. मग मुन्नाने त्याच्या फोनवरून लावला. पलीकडे रिंगच जात नव्हती.

खाटेवर दोन जहाजं शेजारीशेजारी पडली होती. मुन्नाने स्वतः आणलेलं चित्र उचललं आणि उलटं करून ठेवलं.

नानीबाई दारात आली. एका हातात निखाऱ्यांचा तवा, दुसऱ्या हातात तुपाची वाटी. डोक्यावरून पदर घेतलेला होता.

"बोलला का लेकरू? खुशाल हाय ना?"

"हाय."

"मंग जहाजाचं नाव सांगा. त्याचं तर घेतेच, जहाजाचं बी घेऊन ईनंती करते महाराजाला. आता समदं त्याच्यावरच हाय."

प्रेमदासने तोंड उघडलं. एक नाव त्याने फोटोत वाचलं होतं, एक त्याच्या खाली होतं, आणि एक पोराच्या हातून आत्ता लिहिलं जात होतं.

"पोराचंच घे," तो म्हणाला. "नुसतं पोराचंच घे."

"काहून? जहाजाला नाव न्हाई व्हय?"

 निखाऱ्यांवर राख धरू लागली होती, आणि वाटी हातात घेऊन ती अजून नावासाठी थांबली होती.