चाऱ्याच्या तपासणीतले चार दिवस

मित्रांनो, सांगलीतल्या एका पशुखाद्य प्रयोगशाळेतली मी जुनी ऊबपेटी आहे. पत्र्याच्या अंगात पाणी आणि पाण्यात उभ्या काचनळ्या. नळ्यांत दळलेला चारा असे. त्यावर विकर, म्हणजे पोटात अन्न विरघळवणारा पाचक पदार्थ, घालत. जनावराच्या पोटाइतकी ऊब धरणं हे माझं काम. दोन दिवसांत विरघळेल ते पचणारं, उरेल ते वाया जाणारं.

मी नवी होते तेव्हा पाहुणे मला मुद्दाम बघायला येत. पुढे माझी ऊब राखणारी कळ अडकू लागली. तपासनीस हंबीररावांना ते माहीत होतं. दुरुस्ती उद्यावर जात राहिली.

त्र्याहत्तरच्या दुष्काळात आटपाडीच्या गुरांच्या छावणीतून बयाबाई आली. पदरात मूठभर पेंड बांधलेली. छावणीत तीच पेंड वाटत होते. तिच्या चार गाई होत्या, आणि शेणात ही पेंड जशीच्या तशी पडत होती. ती म्हणाली, "सायेब, पोट भरतंय, पर अंगाला लागंना."

हंबीररावांनी त्याच दिवशी ती पेंड माझ्यात ठेवली. शेजारच्या नळीत ताडून बघायला चांगला कडबा. आणि माझी कळ अडकली. पाणी भलतंच तापलं, विकर मेलं, कडबासुद्धा विरघळला नाही. दोन दिवस फुकट गेले. पाणी तापत होतं तेव्हाच मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण पेटीला तोंड कुठलं?

त्यांनी कळ दुरुस्त केली आणि पुन्हा नळ्या मांडल्या. या वेळी तापमापक घेऊन ते माझ्यापाशीच बसले. कडबा निम्म्याहून जास्त विरघळला. पेंड पाव हिस्साही नाही. तिच्यात भुईमुगाची टरफलं दळून मिसळली होती. छावणीत त्या पेंडीची पोती वाटणं त्याच दुपारी थांबलं.

बयाबाईला सांगायला हंबीरराव स्वतः आटपाडीला गेले. परत आल्यावर त्यांनी सोबत्याला सगळं सांगितलं, म्हणून मला कळलं. तिची गाभण गाय आदल्या दिवशी बसली ती उठलीच नव्हती. हंबीररावांनी आपली चूक कबूल केली. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "उरल्याली तीन तरी जगतील न्हवं?"

तीनही जगल्या. पण मला चौथीच आठवते.

मित्रांनो, माझ्यासारखी मुकी यंत्रं तक्रार करत नाहीत. मुकी जनावरंही करत नाहीत. तुमच्या हाताखाली यापैकी कुणी असेल, तर त्याचं दुखणं आजच बघा.