येसुडियनसाहेबांची लीनता

लीनतेचे पहिले धडे मला नगरला आमच्या चर्चच्या पाळकांनी दिले. पुढचे घ्यायला मात्र मद्रासला यावं लागलं, येसुडियनसाहेबांच्या हाताखाली!

साहेब म्हणजे एग्मोरच्या आमच्या मुलींच्या मिशन शाळेचे सेक्रेटरी. मी तिथली शिवणाची बाई, तीही हंगामी. नवरा वारल्यावर जावेच्या घरी भांडी घासत होते, तिची बोलणी खात होते. त्यातून सुटायचं म्हणून एवढ्या लांब आले. ईस्टरनंतर कमिटी मला कायम करणार होती. नाही केलं तर पुन्हा जाऊबाईंचा उंबरठा. नको गं बाई!

येसुडियन या नावाचा अर्थ येशूचा दास. हे साहेब स्वतःच सांगायचे, शाळेच्या प्रत्येक प्रार्थनेला, छाती पुढे काढून. "मी तुम्हा सगळ्यांचा सेवक," म्हणायचे. या सेवकाची खुर्ची कुणी चुकून हलवली, तर शाळा डोक्यावर घ्यायचे.

त्या वर्षी त्यांच्या लीनतेला नुसतं भरतं आलं. उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या दिवशी प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, म्हणून साहेब बारा मुलींचे पाय धुणार होते. दुपारीच आयाने त्या मुलींना ओळीत बसवून पाय साबणाने घासून लख्ख केले. साहेबांच्या हाताला मळ लागला तर? पाणी कोमट, कारण साहेबांना गार सोसत नाही. गुडघ्याखाली मऊ उशी, ती मी शिवलेली. फोटोग्राफर आधीपासून तिवई लावून तयार. प्रभूला बिचाऱ्याला यातलं काहीच सुचलं नव्हतं.

पाय धुऊन झाले, फोटो निघाला आणि साहेब उठेचनात. गुडघा धरला होता. समोर सगळे पालक बसलेले, साहेबांचं तोंड लालबुंद. मी टॉवेल घेऊन शेजारीच उभी होते. खरं सांगते, मला कळवळा आला. मी हात पुढे केला आणि मला येत होतं त्या तमिळमध्ये मोठ्याने म्हटलं, "नी एळुंदिरु. मेल्ल एळुंदिरु." ऊठ, हळूहळू ऊठ.

पुढच्या रांगेतल्या एका आईने तोंडावर पदर धरला. साहेबांनी माझ्या हाताकडे बघितलंसुद्धा नाही. ताडकन उठले. गुडघा तिथल्या तिथे बरा!

वेस्ट मांबलमच्या आमच्या घरमालकीणबाई, अन्नपूर्णाबाई, तंजावरच्या मराठी. त्यांना हे सांगितलं, तर त्यांनी कपाळालाच हात लावला.

"अय्यो! सेक्रेटरीला 'नी' म्हणालीस? नी म्हणजे तू! मोठ्या माणसाला 'नींगळ' म्हणायचं मा, तुम्ही!"

"पण बाई, आम्ही देवालासुद्धा तूच म्हणतो."

"देव चालवून घेईल गं. सेक्रेटरी नाही घेणार."

मग बसल्या मला माफी शिकवायला. मी भाजी चिरता चिरता ती घोकली. संताप येत होता, पण जाऊबाई आठवल्या की जीभ आपोआप वळायची.

ईस्टरनंतर कमिटीने बोलावलं. साहेब, इथल्या चर्चचे पाळक आणि एक डॉक्टर. मी हात जोडून म्हटलं, "मन्नियुंगळ." क्षमा करा, अगदी 'तुम्ही' लावून. साहेब खुलले. म्हणाले, "माझा कसला मान? मी तर दास. पण शाळेची काही शिस्त आहे." आणि लीनतेवर असं प्रवचन झोडलं की पाळकांना जांभई आली. पाळकांनी मला कायम करायचा कागद पुढे ओढला, डॉक्टरांनी पेन काढलं. माझा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात साहेबांना काय वाटलं कोण जाणे, मला म्हणाले, "पण असलं गावंढळ तमिळ तुला शिकवलं तरी कुणी?"

गप्प बसायला हवं होतं. कळत होतं मला. पण त्या 'तुला'ने डोकं फिरलं.

"तुम्हीच, साहेब," मी म्हटलं. "शाळेत सगळ्यात जास्त तमिळ तुमचंच कानावर पडतं. आयाला नी, शिपायाला नी, म्हाताऱ्या हेडमिस्ट्रेसबाईंना नी, मला तर उठता बसता नी. मला वाटलं, तमिळमध्ये एवढंच आहे."

डॉक्टर फस्सकन हसले. पाळकांना एकाएकी खोकला आला.  साहेबांनी तो कागद पाळकांच्या हाताखालून सावकाश आपल्याकडे ओढून घेतला आणि अगदी मृदू आवाजात म्हणाले, "नींगळ पोगलाम."

तुम्ही जाऊ शकता. वर्षभरात साहेबांनी मला पहिल्यांदा 'नींगळ' म्हटलं, आणि नोकरी गेली हे मला त्यावरूनच कळलं.